विश्लेषण : उपनगरांतल्या डोंगरावरची जाळरेषा आणि ती भारतात रुजवणारा जर्मन वनाधिकारी

फेब्रुवारी उजाडला की बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, येऊर आणि मुलुंडच्या बाजूच्या डोंगरांवर वनमजूर गवत कापताना, पाचोळा ओढताना आणि कधी तो ठरावीक पट्ट्यात जाळताना दिसतात. सकाळी फिरायला जाणाऱ्या अनेकांना हा प्रकार खटकतो. जंगल वाचवणारेच जंगल जाळत आहेत, अशी छायाचित्रेही समाजमाध्यमांवर फिरतात. प्रत्यक्षात ते वणवा रोखण्यासाठी आखलेल्या जाळरेषांचे काम असते. सरकारी पातळीवर ही पद्धत भारतात रुजली ती दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, डिट्रिश ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या काळात. भारतीय वनखात्याचे जनक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्रँडिस यांच्या आयुष्यात आगीचा प्रश्न पुन:पुन्हा येतो. त्याची काही उत्तरे त्यांना सापडली, काही चुकली.

जाळरेषा म्हणजे काय?

आगीला तीन गोष्टी लागतात. जळण, हवा आणि उष्णता. डोंगरावर हवा आणि उन्हाळ्यातली उष्णता आपल्या हातात नसते. हातात असते ते फक्त जळण. जंगलाच्या कडेने, रस्त्यालगत किंवा डोंगराच्या सोंडेवरून काही मीटर रुंदीचा पट्टा गवत आणि पाचोळ्यापासून मोकळा केला की जमिनीवरून सरपटत येणारी आग तिथे येऊन उपाशी मरते. हा पट्टा म्हणजे जाळरेषा. ती वणव्याचा हंगाम सुरू होण्याआधीच तयार असावी लागते. महाराष्ट्रात हा हंगाम साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. आपल्याकडचे वणवे बहुतेक जमिनीलगतचे असतात. अमेरिकेतल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्यासारखे ते झाडांच्या शेंड्यांवरून सहसा धावत नाहीत. म्हणूनच इतका साधा उपाय इथे चालतो.

ब्रँडिस भारतात आले कसे?

३१ मार्च १८२४ रोजी जर्मनीतील बॉन येथे त्यांचा जन्म झाला. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ग्रीसच्या राजाचे सल्लागार म्हणून वडिलांची नेमणूक झाली तेव्हा लहानग्या डिट्रिशचीही काही वर्षे अथेन्समध्ये गेली. पुढे कोपनहेगन, गॉटिंगेन आणि बॉन येथे वनस्पतिशास्त्राचे शिक्षण झाले आणि बॉनच्या विद्यापीठात ते शिकवू लागले. सगळे सुरळीत चालले असते तर ते प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाले असते.

वळण आले ते १८५४ साली, लग्नामुळे. पत्नी रेचल ही बंगालमधल्या सेरामपूरचे प्रसिद्ध मिशनरी जोशुआ मार्शमन यांची मुलगी. तिची बहीण हेन्री हॅवलॉक या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याला दिलेली. हा तोच हॅवलॉक, जो पुढे १८५७ मध्ये कानपूरजवळ नानासाहेब पेशव्यांच्या फौजांशी लढला. या नात्यातून ब्रँडिस यांचे नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्यापर्यंत पोहोचले.

डलहौसींना त्या वेळी जंगलांची चिंता होती, पण ती पर्यावरणाची नव्हे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली रेल्वे आजच्या घाटकोपर, मुलुंडच्या भागातून धावली होती आणि देशभर रुळांचे जाळे विणायचे होते. एका मैलाच्या रुळाखाली सुमारे दोन हजार लाकडी स्लीपर लागत. जहाजांसाठी सागवान हवे होते ते वेगळेच. ठेकेदार वाटेल तशी तोड करत होते. हे असेच चालले तर लाकूड संपेल, हे सरकारला कळून चुकले होते. जानेवारी १८५६ मध्ये ब्रँडिस यांची नेमणूक ब्रह्मदेशातल्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या पेगू प्रांतातील सागवानी जंगलांचे अधीक्षक म्हणून झाली.

ब्रह्मदेशात त्यांनी काय केले?

पहिला प्रश्न अगदी साधा होता. जंगलात साग आहे तरी किती? कोणालाच माहीत नव्हते. ब्रँडिस हत्तीवर बसून जंगलातून ठरावीक रेषेत जात. डाव्या हातात लाकडाचे तुकडे, उजव्या हातात चाकू. दिसेल त्या सागाच्या जाडीनुसार त्या त्या तुकड्यावर एक खाच पाडायची. पावसात कागद टिकत नाही, हत्तीवर लिहिता येत नाही, पण लाकडावरची खाच टिकते. संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्यावर खाचा मोजून त्यांची नोंद करायची. यातून कोणत्या जाडीची किती झाडे आहेत, दरवर्षी किती नवी झाडे तोडण्याजोगी होतील आणि म्हणून किती तोडावीत याचा हिशेब निघाला. हिवतापाने ते अनेकदा आजारी पडले. रंगूनच्या लाकूड व्यापाऱ्यांचा त्यांच्या बंधनांना कडाडून विरोध होता. तरीही तोड आणि वाढ यांचा मेळ घालण्याचे तत्त्व त्यांनी सोडले नाही.

आगीशी त्यांची पहिली गाठ इथेच पडली. डोंगरातले करेन लोक जंगलाचा तुकडा तोडून, जाळून त्यावर भात घेत आणि काही वर्षांनी पुढे सरकत. सरकारी नजरेत हे सागवानाचे शत्रू. सुरुवातीला ब्रँडिसही त्याच नजरेने पाहत होते. पण नुसत्या बंदीने हे थांबत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी वेगळी वाट धरली. शेतकऱ्यांनी आपल्या जाळलेल्या शेतात भाताबरोबर सागही लावायचा, तो जगवायचा आणि त्याचा मोबदला घ्यायचा. शेत सोडून ते पुढे गेले की मागे सागाचे बन उभे राहते. टाँग्या या नावाने ही पद्धत पुढे अनेक देशांत पोहोचली. ती शेतकऱ्यांच्या किती फायद्याची ठरली यावर आजही वाद आहे. परंतु आग लावणाऱ्याला हाकलण्याऐवजी त्याला कामात घ्यायचे, हा विचार त्या काळातल्या अधिकाऱ्यांमध्ये दुर्मीळ होता.

वणवा थांबवता येतो, हे कुठे सिद्ध झाले?

१८६४ मध्ये ब्रँडिस भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले. त्या वेळी दरवर्षी उन्हाळ्यात जंगल पेटणार हे पावसाळ्यात पाऊस पडणार इतकेच स्वाभाविक मानले जाई. गुराख्यांना पावसाआधी नवे लुसलुशीत गवत हवे, मोहाची फुले वेचणाऱ्यांना झाडाखालची जमीन स्वच्छ हवी, शिकाऱ्यांना रान मोकळे हवे, वाटसरूंना वाघाची भीती नको. कारणे हजार. इतक्या विस्तीर्ण रानात आग अडवणे अशक्य आहे, असे बहुतेक इंग्रज अधिकारीही मानत.

नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात कर्नल पिअर्सन हे वनाधिकारी होते. सातपुड्यातल्या बोरीच्या सागवानी जंगलात त्यांनी १८६४-६५ च्या सुमारास आगीपासून संरक्षणाचा प्रयोग सुरू केला. जंगलाभोवती आणि मधून मोकळे पट्टे काढायचे, त्यांवरचे गवत इतर रान वाळण्याआधीच जाळून टाकायचे आणि पूर्ण उन्हाळाभर पहारेकरी ठेवायचे. ब्रँडिस यांनी या प्रयोगाला पाठबळ दिले आणि तो यशस्वी ठरल्यावर इतर प्रांतांपुढे उदाहरण म्हणून ठेवला. बोरी आज मध्य प्रदेशात सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे आणि देशातल्या सर्वांत जुन्या राखीव जंगलांमध्ये त्याची गणना होते.

फरक काय पडला, हे समजून घ्यायला सागाचे रोप पाहावे लागते. वणव्यात मोठे झाड जाड सालीमुळे बहुधा वाचते. रोपाचा वरचा भाग जळतो, मूळ जिवंत राहते. पावसात पुन्हा फुटवा येतो, पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा जळतो. असे दहा-दहा वर्षे चालते आणि रोप गुडघ्यापलीकडे वाढत नाही. बाहेरून जंगल हिरवेगार दिसते, पण त्यात म्हातारी झाडे आणि ठेंगणी झुडपे एवढेच असते. मधली पिढीच नसते. काही वर्षे आग अडवली की ही रोपे डोके वर काढतात. येऊर किंवा आरेच्या ज्या उतारांवर दरवर्षी गवत पेटते, तिथे लावलेली रोपे जगत नाहीत त्याचे कारणही हेच आहे.

कायद्यात आग कशी आली?

१८६५ चा पहिला वन कायदा घाईचा आणि तोकडा होता. त्यानंतर जवळपास दहा वर्षे सरकारात वाद रंगला. बेडन-पॉवेल यांच्यासारख्या अधिकाऱ्यांना सगळे जंगल सरकारचे हवे होते. मद्रास सरकारचे म्हणणे होते की लोकांचे वहिवाटीचे हक्क असे काढून घेता येणार नाहीत. ब्रँडिस यांची भूमिका या दोहोंच्या मधली होती. मोक्याची जंगले सरकारने राखावीत, पण प्रत्येक गावाला स्वत:चे जंगल असावे आणि ते गावानेच सांभाळावे, असा त्यांचा आग्रह होता. देवराया गावकरी कशा जपतात हे त्यांनी फिरून पाहिले होते आणि त्यांची नोंदही केली होती. १८७८ च्या कायद्यात गावाच्या जंगलाची तरतूद आली खरी, पण बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. सरकारी राखीव जंगलांचे क्षेत्र मात्र वाढत गेले.

राखीव जंगलात आग लावणे हा या कायद्याने गुन्हा ठरला. त्याचबरोबर जंगलात हक्क असणाऱ्यांवर आग विझवायला मदत करण्याचे बंधनही आले. आजही लागू असलेल्या १९२७ च्या भारतीय वन कायद्यात कलम २६ आणि ७९ मध्ये ही दोन्ही सूत्रे कायम आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे कलम ३० त्याहून थेट आहे. अभयारण्यात आग लावणे किंवा धोका होईल अशा रीतीने आग पेटती सोडणे यास ते मनाई करते आणि राष्ट्रीय उद्यानालाही ते लागू आहे. म्हणजे पायवाटेवर चहासाठी पेटवलेली चूलसुद्धा गुन्हा ठरू शकते.

ठाणे जिल्ह्यात असंतोष का उसळला?

मुंबई इलाख्याचे वनखाते ब्रँडिस यांच्या थेट हाताखाली नव्हते, पण १८७८ चा कायदा इथेही आला. आजचे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हे सगळे तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात मोडत. कोकणातला भाताचा शेतकरी रोपांच्या वाफ्यावर झाडांच्या डहाळ्या, पाला, गवत आणि शेण पसरून ते जाळत असे. याला राब भाजणे म्हणतात. त्याने तण मरते, जमिनीला राख मिळते आणि रोप तरारते. डहाळ्या तोडायला बंदी आली आणि राबच अडला. वारली, कातकरी, ठाकूर यांच्या सरपणावर आणि रानातल्या वस्तूंवरही गदा आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. त्यात राबाच्या प्रश्नाला मोठी जागा मिळाली. याच सुमारास महात्मा फुले यांनीही शेतकऱ्यांची गुरे रानात चरेनाशी करणाऱ्या जंगल खात्यावर कोरडे ओढले होते. ब्रँडिस तेव्हा भारत सोडून गेले होते. गावाचे जंगल गावाकडे, हा त्यांचा सल्ला मानला असता तर निदान इतका कडवटपणा आला नसता, असे म्हणायला जागा आहे.

मग ब्रँडिस यांचे चुकले कुठे?

आग म्हणजे नुकसानच, हे सूत्र त्यांच्या खात्याने सरसकट लावले. विसाव्या शतकाच्या तोंडावर ब्रह्मदेशातलेच वनाधिकारी तक्रार करू लागले की, ओलसर जंगलात आग पूर्ण बंद केल्यावर सागाचे बी रुजेना, बांबू आणि झुडपांनी जमीन व्यापली आणि साचलेल्या पाल्यामुळे एखादी आग निसटली तर ती पूर्वीपेक्षा भयंकर ठरू लागली. पुढे तिथल्या सागवानी जंगलांतून आगबंदी हळूहळू मागे घेण्यात आली. कोरड्या बोरीत जे फळले ते ओल्या पेगूत फळले नाही.

निवृत्तीनंतर बॉनला परतलेल्या ब्रँडिस यांच्याकडे गिफर्ड पिंचो हा अमेरिकी तरुण मार्गदर्शनासाठी आला. तो पुढे अमेरिकेच्या वन सेवेचा पहिला प्रमुख झाला. त्या सेवेने १९१० च्या भीषण वणव्यानंतर प्रत्येक आग विझवायचीच असे धोरण कित्येक दशके राबवले. त्यातून साचलेल्या जळणाची किंमत अमेरिका आजही मोजत आहे. त्याचा दोष बॉनच्या वृद्ध प्राध्यापकाला देणे अन्यायाचे होईल. ते स्वत: शेवटपर्यंत झाडांमध्येच रमले. भारतीय वृक्षांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०६ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, २८ मे १९०७ रोजी त्यांचे निधन झाले.

उपनगरांत आज धोका कुठे?

सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान, त्याला लागून आरे, येऊर आणि भोवती दाट वस्ती. पानझडी झाडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने टाकतात, गवत वाळून कोळ होते, कारवीच्या वाळक्या काठ्या उभ्या असतात. भारतातले जवळजवळ सगळे वणवे माणसामुळे लागतात आणि मुंबई त्याला अपवाद नाही. फेकलेली विडी-सिगारेट, भिंतीपलीकडे जाळलेला कचरा, पार्टीनंतर न विझवलेली शेकोटी आणि काही वेळा मुद्दाम लावलेली आगही. डिसेंबर २०१८ मध्ये गोरेगाव पूर्वेच्या आरे-दिंडोशी टेकड्यांवर लागलेली आग रात्रभर धुमसत होती. अशा चढावर अग्निशमन दलाचे बंब पोहोचत नाहीत. हिरव्या डहाळ्यांनी झोडपून आणि पाला उडवणारे ब्लोअर वापरून माणसांनाच आग विझवावी लागते. तो वणवा हंगामाच्या बराच आधीचा होता, हेही लक्षात घ्यायला हवे.

नुकसान झाडांपुरते राहत नाही. विहार आणि तुळशी हे तलाव आणि मिठी, दहिसर, पोईसर या नद्या याच डोंगरांवर अवलंबून आहेत. जळलेल्या उघड्या उतारावर पहिला पाऊस पडला की माती थेट पाण्यात उतरते. बिबट्यांसह इतर प्राणीही आगीतून बाहेर, म्हणजे वस्तीच्या दिशेने सरकतात.

फिरायला गेलेले लोक आगीत सापडले तर?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकिंगला गेलेला गट वणव्यात अडकला आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. वाळलेल्या गवताचा उभा उतार होता.

आग चढावर धावते, कारण तिची उष्णता वर जाते आणि पुढचे गवत आधीच तापवून ठेवते. दुपारी वाराही बहुधा दरीतून वर वाहतो. त्यामुळे आग खाली असताना डोंगराच्या माथ्याकडे पळणे ही सर्वांत घातक चूक. आगीच्या बाजूने आडवे सरकत खाली किंवा मोकळ्या जागेकडे जावे. उघडा कातळ, रस्ता, पाणी किंवा आधीच जळून गेलेला काळा पट्टा, यांपैकी जे जवळ असेल ते. घळीत शिरू नये, ती धुराड्यासारखी काम करते. धुरात खाली वाकून चालावे, नाकातोंडावर सुती कापड धरावे. नायलॉन-पॉलिस्टरचे कपडे वितळून अंगाला चिकटतात, म्हणून उन्हाळ्यात रानात जाताना सुतीच कपडे बरे. शिलोंडा, कान्हेरी किंवा येऊरच्या वाटांवर जाताना परवानगीच्या वाटेबाहेर जाऊ नये. वनरक्षकाला तुम्ही कुठे आहात हे माहीत असणे हाच तिथला सर्वांत स्वस्त विमा आहे.

डोंगरालगतच्या सोसायट्यांनी काय करावे?

बोरिवली, मुलुंड, भांडुप, ठाण्याच्या कडेला असलेल्या इमारतींची संरक्षक भिंत म्हणजे प्रत्यक्षात जंगलाची शेवटची जाळरेषा आहे. भिंतीलगतचा वाळका पाला जानेवारीतच हलवावा. तो जाळू नये, खत करावे. भिंतीपलीकडे कचरा टाकणे थांबवावे. जंगलाकडच्या बाजूला भंगार, गॅस सिलिंडर किंवा लाकडी फर्निचर साठवू नये. होळी मोकळ्या जागेत, पाण्याची सोय ठेवून पेटवावी आणि राख थंड होईपर्यंत कोणीतरी थांबावे. दिवाळीत किंवा लग्नात सोडले जाणारे आकाशकंदील कुठे पडतील ते कोणाच्याच हातात नसते.

ब्रँडिस यांच्या कारकिर्दीत, १८७८ मध्ये, देहरादूनला वन शाळा सुरू झाली. त्याच शहरातल्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून आज उपग्रहांच्या साह्याने आगीचे इशारे वनाधिकाऱ्यांच्या मोबाइलवर जातात. कोणीही नोंदणी करून आपल्या भागाचे इशारे मिळवू शकतो. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच डोक्यावरून जातो, ढग किंवा दाट धूर असेल तर आग त्याच्या नजरेतून सुटू शकते आणि लहान आग तर त्याला दिसतच नाही. बाराव्या मजल्याच्या गॅलरीतून धुराची पहिली रेघ दिसते ती त्याच्या बऱ्याच आधी. अशा वेळी वनविभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आणि अग्निशमन दलाचा १०१ हे दोन्ही फिरवावेत. आग डोंगराच्या कोणत्या बाजूला, जवळ कोणती इमारत, मंदिर किंवा पाडा, धूर कोणत्या दिशेला जातो आहे, एवढे सांगितले तरी पथकाचा शोधण्यातला वेळ वाचतो. व्हिडीओ त्यानंतर काढता येतो.